इटलीच्या पंक्तींतील लाल आणि पांढरी मदिरा

पोप चौथा मार्टिन इ. स. १२८५ मध्यें वारला. त्यानंतर एका पिढीच्या आंतच दान्ते कवीनें आपल्या महाकाव्यांत त्याला प्रायश्चित्ताच्या डोंगरावर, खादाडांच्या रांगेंत, उपासानें हाडांचा सांपळा झालेल्या अवस्थेंत उभा केला. कवीनें त्याचें पापही मोघम ठेविलें नाहीं. बोल्सेना सरोवरांतील वाम मासे आणि व्हर्नाच्चा नांवाची पांढरी मदिरा, एवढ्या दोन वस्तूंपायीं हा धर्मगुरु तेथें झुरत आहे. पुढील टीकाकारांनीं या कथेला आणखी मसाला लावला. पोप म्हणे ते मासे जिवंतपणींच मदिरेंत बुडवून मारवी आणि मग भाजवून खाई. खरेंखोटें तो पोप जाणे. आपल्याला पाहावयाचें तें एवढेंच कीं, अमुक मासळीवर अमुक मदिरा हा मेळ त्या काळच्या इटलींत इतका परिचित होता कीं, तो एका पोपच्या नांवावर पाप म्हणून मांडतां आला.

श्रोतेहो, मदिरेचा विषय निघतांच आपल्यापैकीं कांहींच्या कपाळाला आठी पडेल हें मी जाणून आहें. ती कोणीं प्यावी वा न प्यावी, ही चर्चा मला येथें करावयाची नाहीं. एखाद्या देशाचा इतिहास जसा ताम्रपटांवरून वाचतां येतो, तसा तो तेथील जेवणाच्या पानावरूनही वाचतां येतो. आणि इटलींत पानाशेजारीं प्याला ठेवल्यावांचून पान मांडून पुरें होत नाहीं.

भोजनशिष्टाचारावरील पुस्तकांतून आपल्यापर्यंत एक सूत्र येऊन पोंचलें आहे : मांसाबरोबर लाल मदिरा आणि मासळीबरोबर पांढरी. दान्तेचा पोप या सूत्रांत नीट बसतो. पण इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिव्होर्नो बंदरांत चला. तेथें काच्चुक्को नांवाचें माशांचें एक दाट कालवण करितात. माकूल, आठ पायांचा ऑक्टोपस, खडकांतली कांटेरी मासळी, लसूण, टोमॅटो आणि मिरची हीं सारीं त्यांत पडतात. आणि त्याच भांड्यांत बहुधा लाल मदिराही ओततात. लसूण चोळून भाजलेल्या पावावर हें कालवण वाढतात आणि त्यासोबत प्याल्यांतही लालच घेतात. उत्तरेस पिएमोंते प्रांतांत गेलें तर तेथें समुद्र नाहीं. तरीही तेथील हिंवाळ्यांतला मानाचा पदार्थ बाञा काउदा हा माशांचाच आहे. आपल्या मांदेलीच्या कुळांतली लहान मासळी खारवून, लसूण व ऑलिव्हचें तेल यांत मंद आंचेवर विरघळवितात आणि त्या ऊन मिश्रणांत भाज्या बुडवून खातात. हे मासे आणि हें तेल दोन्ही लिगुरियाच्या किनाऱ्यावरून, मिठाच्या व्यापाराच्या वाटेनें, डोंगर ओलांडून येत. यासोबत तेथील शेतकरी बार्बेरा जातीच्या द्राक्षांची आंबटसर लाल मदिरा घेतो. म्हणजे सूत्र दोन ठिकाणीं मोडलें, आणि दोन्ही ठिकाणें इटलींतलींच. मग इटलीच्या पंक्तींत पदार्थ आणि मदिरा यांची सांगड घातली कोणीं ?

प्रथम लाल व पांढरी हा भेद कशांत आहे तें सांगितलें पाहिजे. काळ्या द्राक्षाचा गर बहुतेक जातींत रंगहीनच असतो. रंग असतो सालींत. पिळलेला रस सालीं-बियांसकट आंबविला तर मदिरा लाल होते आणि तिच्यांत तुरटपणा उतरतो. सालीं आधींच काढून टाकून नुसता रस आंबविला कीं पांढरी होते. पुढील साऱ्या प्रकरणाचें मूळ या सालींत आहे, आणि दुसरें एक मूळ सालींच्या चोथ्यांत आहे. त्याकडे मी लौकरच येतों.

ग्रीक लोकांनीं दक्षिण इटलीच्या एका भागाला ओइनोत्रिया, म्हणजे द्राक्षवेलींची भूमि, असें म्हटलें होतें. रोमन काळांत कांपानियाच्या उत्तर सीमेवरील टेंकड्यांतली फालेर्नियन मदिरा सर्वांत नांवाजलेली होती, आणि ती बहुधा पांढऱ्या द्राक्षांची असून जुनी होतां होतां पिंगट होई. ख्रिस्तपूर्व १२१ या वर्षाचा हंगाम तर इतका गाजला कीं, जवळजवळ दोनशें वर्षांनीं प्लिनी हा ग्रंथकार त्या मदिरेचा उरलासुरला अंश कडवट मधासारखा घट्ट झाल्याचें लिहितो. मदिरा पाण्यावांचून पिणें हा रानटीपणा समजला जाई. फालेर्नियनसारखी मदिरा श्रीमंतांच्या पंक्तीला, आणि तीही पाणी घालून.

ही इटालियन मदिरा आपल्या किनाऱ्यालाही लागत होती. इ. स. च्या पहिल्या शतकांतल्या 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेंत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तींत मदिरा आहे, आणि तीहि मुख्यतः इटलीची. त्यानंतर लाओदिकेआची व अरबस्तानची. राजासाठीं येणाऱ्या खास नजराण्यांत उंची मदिरा निराळी सांगितली आहे. तेथील राजाचें जें नांव त्या पुस्तकांत येतें, तो म्हणजे नहपान असें बहुतेक संशोधक मानितात. नाशिकच्या लेण्यांत ज्याच्या जांवयाचे शिलालेख आहेत तोच हा नहपान. पैठण आणि तेर येथून गाड्यांवर लादलेला माल याच बंदराकडे जाई. परतीच्या गाड्यांतून कोणाच्या घरीं काय गेलें आणि कोणत्या अन्नासोबत तें पोटांत गेलें, याविषयीं पुस्तक मुकें आहे.

मात्र इटलींतच द्राक्षें खुडणाऱ्याच्या वांट्याला काय येई, याविषयीं पुस्तकें मुकीं नाहींत. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतला कातो हा मोठा करडा गृहस्थ. शेतीवरील आपल्या ग्रंथांत त्यानें गुलामांना हिंवाळ्यांत द्यावयाच्या मदिरेची कृति दिली आहे. द्राक्षांचा ताजा रस दहा मापें, जहाल शिरका दोन मापें, आटविलेला रस दोन मापें आणि गोडें पाणी पन्नास मापें. पांच दिवस रोज तीनदां काठीनें ढवळावें. मग त्यांत शिळें समुद्राचें पाणी घालून भांडें बंद करावें. उन्हाळ्याच्या संक्रमणानंतर जें उरेल त्याचा उत्कृष्ट शिरका होईल, असा दिलासाही त्यानें दिला आहे. हंगामानंतरचे पहिले तीन महिने गुलामांनीं चोथ्यावर पाणी ओतून केलेलें पेय प्यावें, असेंही तो सांगतो. या चोथ्याच्या पाण्याला लॅटिनमध्यें लोरा म्हणत. तें पेय रोमन साम्राज्यापेक्षां अधिक टिकलें.

मध्ययुगांत आणि त्यानंतरही बराच काळ मदिरेची निवड पदार्थ पाहून होण्यापेक्षां पिणाराची प्रकृति पाहून होत असे. ज्यांच्या घरांत वात, पित्त व कफ यांची भाषा आजही ऐकूं येते त्यांना हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. ग्रीक वैद्यकाप्रमाणें देहांत चार रस. प्रत्येक अन्न उष्ण वा शीत, कोरडें वा ओलें. मासळी शीत व ओली, म्हणून तिच्यावर ऊब देणारी मदिरा हवी. लाल मदिरा रक्त वाढविणारी, पांढरी हलकी व मूत्रल. पोप तिसरा पॉल (कारकीर्द १५३४ ते १५४९) याचा मदिराध्यक्ष सान्ते लान्चेरियो यानें आपल्या धन्याला कोणती मदिरा मानवे याची तपशीलवार टिपणें लिहून ठेविलीं आहेत. त्यांत ऋतु आहेत, प्रवास आहेत, म्हाताऱ्या पोपचें पोट आहे. व्हेसुव्हियसजवळच्या सोमा येथील जुन्या ग्रेको मदिरेनें पोपसाहेब रोज सकाळीं डोळे धूत, हेंही आहे. पदार्थ त्या मानानें मागें आहेत. हीं टिपणें वाचतांना स्वयंपाकघरापेक्षां वैद्याच्या दवाखान्याचा वासच जास्त येतो.

आतां तोस्काना प्रांताकडे येऊं. कारण ज्या मेळाला आज सारें जग इटलीची पुरातन परंपरा म्हणून ओळखतें, त्याचें कारखान्यासारखें घडणें येथें डोळ्यांनीं पाहतां येतें. २४ सप्टेंबर १७१६ रोजीं ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची यानें एक फर्मान काढून कियांतीसह चार प्रदेशांच्या सीमा आंखून दिल्या आणि त्या सीमांबाहेरच्या मदिरेला तीं नांवें लावण्यास मनाई केली. नांवाला किंमत आली होती, म्हणूनच नांवाची चोरी होऊं लागली होती. पण त्या कियांतीची चव आजच्यासारखी होती असें समजण्याचें कारण नाहीं. ती घडविली बेत्तिनो रिकासोली यानें.

हा रिकासोली संयुक्त इटलीचा दुसरा पंतप्रधान. करारी स्वभावामुळें लोक त्याला लोखंडी सरदार म्हणत. ब्रोलियो येथील आपल्या किल्ल्यांत त्यानें द्राक्षांवर वर्षानुवर्षें प्रयोग केले आणि १८७२ मध्यें पीसा विद्यापीठांतील प्राध्यापक स्तुदियाती यांना त्यांचा निष्कर्ष पत्रानें कळविला. सांजोव्हेसे द्राक्षानें मदिरेला सुगंध व जोम येतो. कानायोलो त्याचा कठोरपणा मऊ करितें. माल्व्हाझीया हें पांढरें द्राक्ष घातलें तर मदिरा हलकी होऊन रोजच्या जेवणाला लौकर उपयोगी पडते, मात्र मुरवत ठेवावयाच्या मदिरेंत तें न घातलेलें बरें. या पत्रांतला 'रोजच्या जेवणाला' हा शब्दप्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. येथें मदिरेचें माप वैद्यकाचें राहिलें नाहीं. ती जेवणाकरितां, आणि कोणत्या प्रकारच्या जेवणाकरितां, हें ठरवून बांधली जात आहे. लाल मदिरेंत पांढरें द्राक्ष मिसळण्याचें कारणही जेवणच.

आणि तें जेवण तरी किती जुनें ? टोमॅटो अमेरिकेंतून आला. टोमॅटोची चटणी छापील इटालियन पाककृतींत प्रथम येते ती नेपल्समध्यें १६९२ ते १६९४ या काळांत निघालेल्या आंतोनियो लातिनीच्या पुस्तकांत. आणि शेवयांसारख्या पास्त्यावर टोमॅटो सर्रास पडूं लागला तो एकोणिसाव्या शतकांत. आज कोणीही सांगेल कीं, टोमॅटोच्या आंबटपणापुढें बोथट मदिरा पाण्यासारखी लागते व सांजोव्हेसेचा स्वतःचा आंबटपणा त्याला पुरून उरतो. सांगणें बरोबर आहे. पण हा मेळ रोमन नव्हे, मध्ययुगीनही नव्हे. रेल्वेगाड्यांच्या काळांतला आहे.

दुसरा प्रश्न असा कीं, 'रोजचें जेवण' म्हणजे कोणाचें ? तोस्कानाची शेती अर्धेलीनें चाले. जमीन, घर व वेली मालकाच्या, श्रम कुळाच्या कुटुंबाचे, पीक निम्मेनिम्म. कागदावर हा व्यवहार सरळ दिसतो. पण कुळाच्या निम्म्यांतूनच बहुधा कर्जाची फेड व्हावयाची असे, आणि गांठीला पैसा आणून देणारी वस्तु म्हणजे मदिरा. ती विकली जाई. घरीं रहात असे तो चोथा. त्यावर पाणी ओतून, कांहीं दिवस ठेवून, जें फिकट, आंबूस पेय निघे त्याला आक्वेरेल्लो म्हणत. कातोच्या लोराची ही थेट वंशज. कुळाच्या पानावर शिळा पाव, घेवडा आणि काळ्या पानांची कोबी यांचें पुन्हा पुन्हा उकळलेलें सूप, आणि प्याल्यांत आक्वेरेल्लो. मळणीच्या दिवशीं मात्र हंस कापला जाई आणि खरी मदिरा मोकळ्या हातानें वाढली जाई. परंपरेचा म्हणून जो थाट आज दाखवितात तो त्या मळणीच्या दिवसाचा, किंवा मग वाड्यांतल्या पंक्तीचा. उत्तरेकडे पो नदीच्या खोऱ्यांत तर याहून वाईट स्थिति होती. तेथील गरीब मक्याच्या पिठाच्या शिजविलेल्या गोळ्यावर जगत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांपैकीं कितीएक पेलाग्रा रोगानें खंगून, भ्रमिष्ट होऊन मरत. त्यांना कोणती मदिरा कशाशीं शोभते हें विचारावयास कोणी गेला नाहीं.

पिएमोंतेंतील बारोलो मदिरेची कथाही अशीच वाड्यांतली आहे. नेब्बियोलो हें तिचें द्राक्ष उशिरां, धुक्याच्या दिवसांत पिकतें. थंडी पडून आंबणें अर्ध्यावरच थांबे. त्यामुळें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती मदिरा गोडसर रहात असे. ती पुरी आंबवून कोरडी करण्याचें श्रेय पूर्वीं ऊदार नांवाच्या फ्रेंच तज्ज्ञाला देत. अलीकडील संशोधनानें तें बरेंचसें स्टालिएनो या इटालियन अधिकाऱ्याकडे वळविलें आहे. ग्रिन्झाने येथील तरुण जमीनदार आणि बारोलोची सरदारीण ज्युलिया या दोघांनीं या प्रयोगांना आश्रय दिला. तो तरुण म्हणजेच पुढें इटलीचा पहिला पंतप्रधान झालेला काव्हूर. पहिला पंतप्रधान बारोलोचा व दुसरा कियांतीचा; इटलीच्या एकीकरणाचा इतिहास द्राक्षमळ्यांतूनही वाचतां येतो तो असा. या कोरड्या, विलक्षण तुरट मदिरेला तसेंच भारी अन्न लागतें : तिच्यांतच तासन् तास शिजविलेलें गोमांस, किंवा अंड्यांच्या पिवळ्या बलकांत भिजविलेल्या बारीक शेवया आणि त्यांवर किसलेलें आल्बाचें पांढरें ट्रफल, म्हणजे भुईंत वाढणारें उग्र वासाचें अळंबें.

एमिलिया प्रांताची तऱ्हा मात्र मला सर्वांत आवडती वाटते, कारण तेथील मेळाला पुस्तकाचा आधार लागत नाहीं. तेथें डुकराच्या मांसाचें राज्य : मोदेनाचे भरलेले पाय, बोलोञाची मोर्तादेल्ला, चरबीचा सुकाळ. आणि मदिरा लाम्ब्रुस्को; लाल खरी, पण फेसाळणारी, थंडच घ्यावयाची. तो फेस आणि तो आंबटपणा तोंडांतली चरबी धुऊन काढितो. जवळच्या मांतुआकडे तर ऊन मांसरसाच्या वाटींतच लाम्ब्रुस्को ओतून जेवणाच्या आरंभीं घेतात. शिष्टाचाराचीं पुस्तकें वाचलेल्या पाहुण्याला हें पाहून घाम फुटावा !

पांढऱ्या मदिरेचा प्रांत मुख्यतः किनाऱ्याचा आणि सरोवरांचा. आद्रियातिक समुद्रावरील मार्के प्रांतांतली व्हेर्दिक्कियो तेथील माशांच्या रश्शाशीं, व्हेरोनाजवळची सोआव्हे सरोवराच्या मासळीशीं व भाताशीं जाते. रोमन लोक फ्रास्काती घेतात. पण त्यांच्या आवडत्या आर्टिचोक भाजीपुढें कोणतीच मदिरा धड लागत नाहीं, कारण त्या भाजींतील एका द्रव्यामुळें मागाहून घेतलेला घोंट उगीचच गोडसर भासतो. रोमन लोकांनीं यासाठीं ना भाजी सोडली, ना मदिरा.

मग तें मूळ सूत्र अगदींच खोटें काय ? नाहीं. सालींतून आलेला तुरट अंश लाळेंतील प्रथिनांना धरतो, म्हणून जीभ कोरडी पडते; मांसाचीं प्रथिनें व चरबी समोर असली कीं हा अंश त्यांच्याशीं गुंततो आणि मदिरा मऊ लागते. मासळीचा वास उलटून येण्याचें कारण मात्र फार उशिरां कळलें. २००९ मध्यें जपानी संशोधकांनीं अनेक लाल व पांढऱ्या मदिरा शिंपल्यांतल्या स्कॅलप प्राण्याबरोबर चाखून दाखविलें कीं, दोष रंगाचा नसून मदिरेंतील लोहाचा आहे. लोह अधिक तर हिंवस वास अधिक. लाल मदिरेंत तें बहुधा जास्त असतें, पण नेहमींच असतें असें नाहीं. लिव्होर्नोच्या कोळ्यांना लोहाची वार्ता नव्हती. त्यांना आपल्या टेंकडीवरची मदिरा आणि आपल्या जाळ्यांतली मासळी यांचें जमतें एवढें ठाऊक होतें.

विसाव्या शतकांत हा सारा व्यवहार कायद्याच्या हातीं गेला. १९६३ च्या कायद्यानें प्रदेशनामांची पद्धति सुरू झाली, आणि १९६६ मध्यें सान जिमिञानोची व्हर्नाच्चा ही त्या मानाची पहिली धनीण ठरली. ती दान्तेच्या पोपचीच कीं नुसती नांवाची बहीण, यावर पंडितांचा वाद आहे. १९६७ मध्यें कियांतीचे नियम झाले, त्यांत पांढरीं द्राक्षें किमान दहा टक्के सक्तीचीं केलीं गेलीं. रिकासोलीनें रोजच्या जेवणापुरती सांगितलेली सवलत अशा रीतीनें साऱ्या कियांतीचा दंडक होऊन बसली, आणि स्वस्त पांढऱ्या द्राक्षांनीं मदिरा पातळ करण्याला कायद्याचा शिक्का मिळाला. फ्लॉरेन्सच्या आंतिनोरी घराण्यानें १९७५ पर्यंत आपल्या तिञानेल्लो मदिरेंतून तीं अजिबात काढून टाकलीं आणि कियांती या नांवावर पाणी सोडलें. खुद्द कियांती क्लासिकोंत पांढरीं द्राक्षें बंद झालीं तीं २००६ मध्यें.

मध्यंतरीं १९८६ मध्यें उत्तर इटलींत एक भयंकर गोष्ट घडली. स्वस्त मदिरेचा मद्यार्क वाढविण्यासाठीं तींत मिथेनॉल मिसळलें गेलें आणि वीसांहून अधिक माणसें मेलीं. कित्येकांचे डोळे गेले. मेलेले लोक बारोलो पिणारे नव्हते. दुकानांतली सर्वांत स्वस्त बाटली घेऊन ते रात्रीच्या जेवणाला बसले होते. त्यानंतर सरकारी तपासणी कडक झाली, १९९२ मध्यें कायदा नव्यानें बांधला गेला, आणि इटालियन माणूस थोडी पण बरी मदिरा घेऊं लागला. १९७० च्या सुमारास तेथें दरडोई वर्षाला शंभर लिटरहून अधिक मदिरा खपत असे. आतां तो आंकडा चाळिसाच्या आसपास आला आहे.

अर्धेलीचे नवे करार १९६४ च्या कायद्यानें बंद झाले. तोंवर तोस्कानाचीं हजारों कुळें घरें सोडून कारखान्यांच्या शहरांकडे निघालीं होतीं. रिकाम्या पडलेल्या त्या दगडी घरांतून पाहुणचाराचा धंदा करण्याला १९८५ मध्यें कायद्यानें मान्यता दिली. आज परदेशचे प्रवासी तेथें उतरतात. त्याच स्वयंपाकघरांत, त्याच चुलीजवळ, शिळा पाव, घेवडा आणि काळी कोबी यांचें पुन्हा उकळलेलें सूप रिबोल्लिता या नांवानें त्यांच्यापुढें येतें, आणि त्याच्याशेजारीं कियांती क्लासिकोचा प्याला ठेवितात. चोथ्यावर पाणी ओतून केलेलें तें पेय त्यांच्या भोजनपत्रिकेवर सहसा दिसत नाहीं.